मास्तरनं टाकलेल्या पत्त्या

मास्तरचं आणि माझं कधीच पटलं नाही. कशावरून बिनसलं ते मला बरीच वर्षं माहीत नव्हतं. कधी बिनसलं ते मात्र पक्कं सांगता येतं. वसमतच्या बँडपार्टीत मी दाखल झालो, त्याच सकाळी.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. मी चोविशीतला. कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या गावाकडं एका लहान बँडमध्ये पाच वर्षं क्लॅरनेट वाजवलेलं. वसमतच्या मालकांनी मला एका लग्नात ऐकलं आणि बोलावून घेतलं. त्यांच्याकडं दोन सॅक्सोफोन होते. पहिला मास्तर वाजवायचा, दुसऱ्याला माणूस नव्हता. मोंढ्यामागं, म्हणजे हळद-धान्याच्या बाजारामागं, त्यांची एक लांबोडकी पत्र्याची खोली होती. हळदीच्या दिवसांत तिथल्या ढोलांवर, कोटांवर, सगळ्यावर पिवळी धूळ बसायची. त्या खोलीत मालकांनी माझी आणि मास्तरची गाठ घालून दिली.

मास्तर पन्नाशीकडं झुकलेला, काटक माणूस. मिशा अगदी बारीक कातरलेल्या, कारण वाजवताना ओठाखाली केस आलेला त्याला खपत नसे. त्यानं माझ्या डोळ्यांकडं न पाहता ओठांकडं पाहिलं.

"क्लारनेटवालं तोंड हाय हे," तो मालकांना म्हणाला. "लई आवळून धरतंय. सॅक्सोफोन रडंल ह्याच्या हातात."

"मग शिकवा की तुमी," मालक म्हणाले.

"मी काय शाळा काढली का?"

एवढं बोलून तो कोपऱ्यातल्या त्याच्या पेटीवर जाऊन बसला. मला त्यानं खरंच कधी काही शिकवलं नाही.

सॅक्सोफोन दिसायला सगळा पितळेचा, पण आवाज निघतो तो बोरूसारख्या नळाच्या एका पातळ पट्टीतून. दुकानदार तिला रीड म्हणायचे, आम्ही पत्ती म्हणायचो. ती काळ्या माउथपीसवर खालून ठेवायची, वरून दोन स्क्रूची पितळी कडी आवळायची, आणि फुंकायचं. पत्तीचं टोक थरथरतं, तोच सूर. टोक कागदाइतकं पातळ असतं. नखाचा धक्का लागला तरी पत्ती कामातून जाते.

मालक हैदराबादहून दहा-दहा पत्त्यांचा डबा मागवायचे. डबा आला की मास्तर उजेडाच्या बाजूला तोंड करून बसायचा. एकेक पत्ती खिडकीसमोर धरायचा. मग बूड बघायचा. मग जिभेवर ठेवून ओली करायचा आणि अंगठ्याच्या नखावर टोक हलकं दाबायचा. दहातल्या तीन-चार तो आपल्या डबीत ठेवायचा. उरलेल्या पेटीवरून माझ्याकडं सरकवायचा.

"घे."

तो काय बघतो हे त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण त्यानं घेतलेल्या आणि मला आलेल्या, दोन्ही माझ्या डोळ्यांसमोरच असायच्या. मी घरी नेऊन खिडकीशी धरून बसायचो. त्याच्या पत्त्यांत उजेडात मधोमध एक गडद कमान दिसायची, दोन्ही बाजूंनी सारखी उतरलेली. माझ्यांत ती एका अंगाला सरकलेली असायची. त्याच्या पत्त्यांचं बूड एकसारखं जाड, माझ्यांचं एका बाजूला बारीक. काही हिरवट निघायच्या, म्हणजे नळ पुरता वाळायच्या आधीच कापलेला. त्या दोन दिवसांत मऊ पडायच्या. सहा महिन्यांत मला पत्ती कळायला लागली. मी ते त्याच्याकडून चोरलं असं म्हटलं तरी चालेल.

टाकलेल्या पत्त्या मी नीट करायला शिकलो. लग्नातल्या फोटोची फ्रेम फुटली होती, तिची काच बायकोनं मला काढून दिली. त्या काचेवर पत्ती ठेवायची आणि दाढीच्या ब्लेडनं खरवडायची, पण फक्त जड बाजूला. मधला भाग सोडायचा, तिथं हात लावला की सूर मरतो. मऊ पडलेल्या पत्तीचं टोक केसभर कापायचं. उन्हाळ्यात आमच्याकडची हवा इतकी कोरडी की पत्तीचं टोक पापडासारखं लाटा धरतं. मग ती पाण्याच्या वाटीत घालायची, काचेवर अंगठ्यानं सपाट दाबायची, टोक सरळ होईपर्यंत थांबायचं. वाजवून झालं की पुसून काचेवरच उताणी ठेवायची, माउथपीसवर तशीच सोडायची नाही. पत्त्यांना मी पेन्सिलीनं आकडे घातले होते. एकच पत्ती लागोपाठ दोन दिवस वाजवायची नाही, तिलाही विसावा लागतो.

बायको चुलीपुढून बघत राहायची. "लेकरावानी जपून राहिले तुमी त्या काड्यांला," ती एकदा म्हणाली. "लेकरू झाल्यावर एवढं कराल का?"

एवढं करूनही माझा सॅक्सोफोन चिरकायचा. वरच्या सुरावर गेलो की मध्येच कुत्र्याच्या पायावर पाय पडावा तसा आवाज निघायचा. मी पत्ती बदलायचो, ओठ आणखी आवळायचो, खालचा ओठ दाताखाली फाटायचा. संध्याकाळी भाकरीचा तिखट घास लागायचा नाही, दुधात कुस्करून खायचो. आणि चिरकलं की मास्तर सगळ्यांदेखत मान वळवून बघायचा. ते बघणं बोलण्यापेक्षा वाईट होतं.

तिसऱ्या वर्षी डोंगरकड्याला लग्न होतं. डोंगरकडा माझी सासुरवाडी. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीच्या देवळाकडं निघाला होता, दुपारची वेळ, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. माझे सासरे एका दुकानाच्या फळीवर बसून चार माणसांना सांगत होते की तो लाल कोटातला, पिवळा बाजा घेतलेला, तो आमचा जावई. मला ते ऐकू आलं. मी वरचा सूर धरला आणि तो चिरकला. लगेच दुसऱ्यांदा चिरकला.

मास्तरनं हात वर केला. बँड थांबला. भर रस्त्यात तो माझ्याजवळ आला, माझ्या गळ्यातल्या पट्ट्याचा हूक काढला आणि सॅक्सोफोन काढून घेतला. ताशेवाल्याच्या कमरेला खुळखुळा खोवलेला होता, तो उपसून त्यानं माझ्या हातात दिला.

"हे वाजीव. हे न्हाई चिरकत."

लोक हसले. बँडमधलेही हसले. मी देवळापर्यंत खुळखुळा वाजवत गेलो. सासरे बसले होते त्या दुकानासमोरून जाताना मी खाली बघत होतो, त्यामुळं ते हसत होते की नाही हे मला माहीत नाही. त्यांनी ती गोष्ट पुढं कधी काढली नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना न विचारता सॅक्सोफोन पिशवीत घातला आणि एसटीनं नांदेडला गेलो. तिथं एका बोळात बाजे दुरुस्त करणारे एक म्हातारे मिस्त्री बसायचे. जाड भिंगाचा चष्मा, बोटं काळी. मी चार-पाच पत्त्या पुढं ठेवल्या आणि म्हणालो, कोणतीच चालत नाही.

त्यांनी पत्त्यांकडं पाहिलंच नाही. माउथपीस काढला, त्याची सपाट बाजू काचेवर टेकवली आणि काच डोळ्यांपुढं धरली.

"पत्ती का क्या कसूर है, मियाँ," ते म्हणाले. "ये देखो."

माउथपीसला पुढच्या टोकाकडं दोन बारीक कडा असतात, पत्ती त्यांच्यावर बसते. दोन्ही कडा सारख्या टेकायला हव्यात. माझ्या माउथपीसची डावी कड टेकत होती. उजवीखालून उजेड येत होता.

"गिरा था क्या?" मी विचारलं.

"गिरता तो टूटता." त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. उजव्या कडेवर आडव्या बारीक रेघा होत्या, एकासारख्या एक. "कानस है. किसी ने बैठके घिसा है, आराम से."

त्यांनी काचेवर बारीक वॉटर पेपर ठेवला, पाण्याचे थेंब टाकले आणि माउथपीस आठच्या आकड्यात फिरवायला सुरुवात केली. दहा वेळा फिरवायचा, पुसायचा, बघायचा, परत दहा वेळा. संध्याकाळची एसटी निघायच्या आधी तो सपाट झाला. गरम पाण्यानं कधी धुवायचा नाही, उन्हात ठेवायचा नाही, हा दगड वाटला तरी रबर आहे, असं त्यांनी बजावलं. मग माझ्याच पत्त्यांतली एक, मास्तरनं टाकलेली, मी खरवडून नीट केलेली, त्याच्यावर लावली आणि म्हणाले, फुंको. मी वरचा सूर धरला. तो सरळ गेला आणि तसाच राहिला. बोळातला पानवाला मान बाहेर काढून बघायला लागला.

परतीच्या एसटीत मला आनंद झाला नाही. तीन वर्षं मी माझं रक्त गिळत होतो, आणि कुणीतरी निवांत बसून कानस फिरवली होती.

दुसऱ्या दिवशी खोलीत मास्तर एकटाच होता. चिंचेच्या कोळानं बाजे घासत बसला होता. मी माउथपीस त्याच्यापुढं धरला.

"मास्तर, हे कुणी घासलं?"

त्यानं वर पाहिलं. "मी."

मला वाटलं होतं तो नाही म्हणेल. भांडायची सगळी तयारी त्या नाहीवर केलेली.

"काहून?"

"ती जागा माह्या पोराची व्हती. पाच साल शिकवलं त्याला. मालकाला तू दिसलास अन् त्यो म्हणला, तुमचं पोरगं नको." त्यानं चिंधीनं हात पुसले. "पोरगं गेलं पुण्याला, कंपनीत. बाजा हातात घेत न्हाई आता. मला वाटलं तू चार-दोन महिन्यांत पळून जाशील. न्हाई गेलास."

"माझं तोंड फाटलं मास्तर."

"दिसत व्हतं मला."

आणि तो परत घासायला लागला. माफी नाही, काही नाही. मी त्याला मारलं असतं तर बरं झालं असतं असं मला पुढं कित्येकदा वाटलं. मी तिथून उठून गेलो. मालकांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी त्याला काढलं असतं आणि ते मला नको होतं. मला तो समोर हवा होता.

त्यानंतर मी चांगला वाजवायला लागलो. इतका, की माणसं माझ्या बाजूला उभी राहायला लागली. मास्तर मान वळवून बघेनासा झाला. आमचं बोलणं सूर आणि ताल, एवढ्यापुरतं उरलं.

मास्तरचा स्वतःचा माउथपीस जुना, विलायती होता. लष्करी बँडातून सुटलेल्या कुणीतरी त्याला दिला होता म्हणे. तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. वाजवून झालं की थंड पाण्यानं धुवायचा, मऊ फडक्यात गुंडाळायचा आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचा. जेवतानाही तो खिशात असायचा.

एका वर्षी मे महिन्यात औंढ्याकडच्या एका गावात लग्न होतं. उकाडा असा की बँडवाल्यांनी जेवणाआधी कोट काढून टेम्पोत टाकले. मी पाणी प्यायला टेम्पोपाशी गेलो. काचा बंद होत्या. समोरच्या काचेखाली, स्टेअरिंगच्या पुढं, मास्तरचं फडकं पसरलेलं आणि त्याच्यावर माउथपीस, पत्ती कडीनं आवळलेली तशीच. कोट काढताना खिशातून काढून ठेवला असेल, तेव्हा तिथं सावली असेल. आता ऊन थेट त्याच्यावर होतं.

दाराला कुलूप नव्हतं. मला फक्त हात घालून तो सीटखाली सरकवायचा होता. मी डब्यातून पाणी काढलं, प्यायलो, तोंडावर मारलं. परत एकदा पाहिलं. आणि पंगतीला जाऊन बसलो. जेवणं, मग लग्न लागायला उशीर, मग आणखी उशीर. दोन तास सहज गेले.

वरातीला बोलावणं आलं तेव्हा मास्तरनं माउथपीस उचलला आणि नुसता हातात धरून उभा राहिला. काळ्याचा तो शेवाळी तपकिरी झाला होता. गंधकाचा वास येत होता. टोक पत्तीच्या बाजूला वाकलं होतं. पत्ती आणि टोक यांच्यात फट लागते, ती जवळजवळ मिटली होती. त्यानं फुंकलं तर पत्ती चिकटली आणि नुसती हवा निघाली. नवरदेव घोड्यावर बसला होता. मालकांनी माझ्याकडं बोट केलं. मी पुढं गेलो आणि पहिला सॅक्सोफोन वाजवला. त्या दिवशीसारखं मी आधी कधी वाजवलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या सकाळी तो खोलीत माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"तू पाण्याला टेम्पोपाशी आला व्हतास."

"आलो व्हतो."

"दिसला न्हाई का तुला?"

"दिसला."

"बराबर," तो म्हणाला, आणि गेला. आठवड्याभरात त्यानं वसमत सोडलं आणि हिंगोलीच्या एका बँडमध्ये लागला. मालकांनी मला दोन-तीनदा विचारलं, तुमचं काय झालं. मी म्हणालो, काही नाही.

मी पहिला झालो. दुसऱ्या सॅक्सोफोनला माझ्याच वयाचा एक जण आला. डबा आला की मी खिडकीकडं तोंड करून बसायचो, चांगल्या पत्त्या माझ्या डबीत ठेवायचो, उरलेल्या त्याच्याकडं सरकवायचो. बायकोला हे कुणीतरी सांगितलं.

"मास्तरच झाले की तुमी," ती म्हणाली.

मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. पत्त्या वाटायची रीतही बदलली नाही.

चारेक वर्षं गेली. दोन हजार सालाच्या पुढं सिद्धेश्वर धरणाजवळच्या एका गावात लग्न ठरलं. मुलीकडच्यांनी आम्हाला बोलावलं होतं. मुलाकडचे आपला बँड घेऊन आले, हिंगोलीचा. त्यांच्यात मास्तर होता. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, गाल आत गेले होते.

दोन बँड आले की गाव त्यांना झुंजवतं. देवळापुढच्या मोकळ्या जागेत आम्ही समोरासमोर उभे राहिलो. आधी ढोल-ताशे भिडले, मग लोकांनी त्यांना गप्प केलं आणि दोन सॅक्सोफोन राहिले. मी एक तुकडा वाजवायचो, तो उत्तर द्यायचा. माझी पत्ती त्या डब्यातली सगळ्यात चांगली होती. पहिली दहा मिनिटं लोक माझ्या बाजूला होते. मग मास्तरनं सूर लांबवायला सुरुवात केली. तो दम कुठून आणत होता कळत नव्हतं. सूर जाड, भरलेला, एक रेघ न हलता. मी तितका लांब धरायला गेलो तर उन्हात माझी पत्ती मऊ पडली आणि मिटायला लागली. मी ओठ सैल केला, सूर खाली घसरला. तो थांबला नाही. माझा खाली घसरलेला सूरच त्यानं उचलला, तसाच, बेसूर, आणि लोकांना वाजवून दाखवला. लोक हसून लोळले. मग त्यानं तो सावकाश वर चढवत जागेवर आणून ठेवला आणि तिथं धरून राहिला, माझ्याकडं बघत.

माझ्या मालकांनीच मला मागं व्हायची खूण केली.

जेवणाच्या वेळी तो एका ओट्यावर बसला होता. सॅक्सोफोन मांडीवर. मी मुद्दाम तिकडून गेलो, कारण मला बघायचं होतं. माउथपीस तपकिरी होता, शेवाळी झाक असलेला, टोक वाकलेलं. तोच.

"ह्योच हाय का अजून?" मी विचारलं.

"ह्योच."

"वाजतो कसा?"

त्यानं पत्ती पुसली, डबीत ठेवली, झाकण लावलं. "तुला काहून सांगू?"

पण डबीत ठेवताना पत्तीच्या मागचा कडकपणाचा नंबर मला दिसला होता. आम्ही सगळे अडीच नंबरची वाजवायचो. त्याची साडेतीनची होती, लाकडासारखी कडक. फट मिटलेल्या माउथपीसवर मऊ पत्ती चिकटते, म्हणून त्यानं न वाकणारी धरली होती. त्या पत्तीला फुंकायला किती छाती लागते हे मला घरी येऊन साडेतीनची आणून बघितल्यावर कळलं. माझ्या चांगल्या, उघड्या माउथपीसवर ती बोललीच नाही. पाच मिनिटांत डोळ्यांपुढं अंधारी आली. त्या म्हाताऱ्यानं हे चार वर्षं रोज केलं असणार, माझ्यावरच्या रागानं. मला त्याचं कौतुक वाटलं नाही. मला वाटलं, मी त्याचा माउथपीस बिघडवला तरी त्याचं काही बिघडलं नाही. त्याचाच मला राग आला.

नंतर लग्नांत डीजेच्या गाड्या यायला लागल्या. आधी आमचे क्लॅरनेटवाले गेले, मग दुसरा सॅक्सोफोन. मास्तर वसमतच्या बसस्टँडवर मला एकदा दिसला. कळमनुरीच्या गाडीच्या रांगेत उभा होता, पुढचे दात पडलेले. त्यानं मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. मीही फिरवलं.

तो गेल्याचं एका सकाळी निरोपातून कळलं. बायको म्हणाली, "जाऊन या. हिंगोली काय लांब हाय."

"न्हाई," मी म्हणालो.

ती पाणी तापवायला गेली. त्या दुपारी आमची वसमतजवळ एका लग्नाची सुपारी होती. मी कोट घातला, पत्ती ओली केली आणि गेलो. वाजवलं नेहमीसारखंच.